न केलेला चहा

बदलापूर गाव
२५ नोव्हेंबर २०२४

श्री. मधुकरराव यांस,
दौलतचा रामराम.

फोनच केला असता, पण फोन कानाला लावला की तुमचं ऐकायचं यंत्र शिटी मारतं आणि तुम्ही नुसतं 'हां हां' करत बसता. आमच्याकडे स्पीकर लावल्याशिवाय कोणाला बोलता येत नाही. मला जे विचारायचं आहे ते घरभर व्हायला नको, म्हणून लिहितो. सातवी नापास माणसाचं पत्र आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पाकीट खळीने चिकटवलं आहे. उघडलेलं मिळालं तर कळवा.

विचारायचं ते बनूच्या दहाव्याबद्दल. नदीवर पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. कावळे समोर झाडावर बसलेले, पण खाली एक उतरेना. विनीतने कबूल केलं, आईच्या नावाने दरवर्षी जेवण घालीन. स्वप्नालीने कबूल केलं, सासूबाईंची तुळस जागची हलवणार नाही. मी कबूल केलं, रक्तदाबाची गोळी चुकवणार नाही. तरी काही नाही. तोवर बुवांचं प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीसाठी माईक फिरत फिरत तुमच्याकडे आला.

तुम्ही म्हणालात, "आमच्या मेहुणीबाई भाग्याच्या. दौलतराव बोलायला फटकळ, पण रोज पहाटे बायकोच्या आधी उठून तिच्यासाठी चहा करायचे. ती उठेपर्यंत निवू नये म्हणून कपावर बशी झाकून ठेवायचे. एवढं आपल्यात कोण करतं, सांगा."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. विनीत धावत टपरीवर गेला, कागदी कपात चहा घेऊन आला आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, "आबा, तुम्हीच ठेवा. आई तुमच्या चहासाठी थांबलीय." मी विचार करायच्या आत कप ठेवून मोकळा झालो होतो. मी मागे वळलो आणि कावळा उतरला.

मधुकरराव, मी जन्मात चहा केलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंबरनाथला एमआयडीसीत माझी पहिली पाळी असायची तेव्हा अंधारात उठून चहा आणि डबा तीच करायची. मी फक्त "झालं का" विचारायचो. तुम्ही आमच्याकडे मुक्कामाला आलात तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग हे काय रचलंत? त्या कावळ्याने खोट्याची साक्ष दिली आणि आता गावात माझं तोंड बंद झालं. देवळाच्या पायरीवर म्हातारे विचारतात, "काय आबा, साखर किती?" विनीत म्हणतो, आम्ही झोपेत असायचो, आम्हाला कुठून कळणार. स्वप्नालीने काल नुसतं विचारलं, "आबा, चहाचं भांडं कुठे असतं, सांगा बरं." मी फडताळाकडे बोट दाखवलं. तिथे पीठ होतं.

मला चारचौघांत हसवायचं होतं का? स्पष्ट कळवा. टपालाला वेळ लागतो म्हणून लगेच लिहा.

आपला,
दौलत

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
२ डिसेंबर २०२४

ती. दौलतराव यांस,
मधुकरचा सा. नमस्कार.

पाकीट बंदच मिळालं. काळजी नसावी.

मी काही रचलं नाही. मी जन्मभर जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होतो. दिलेल्या कापडातून कापायचं, एवढंच मला येतं. हे कापड बनूबाईंचं आहे.

आमच्या ओट्यावर दुपारी बायका जीन्सचे धागे कापायला बसतात, तुम्ही पाहिलंच असेल. बनूबाई आल्या की त्याही कात्री घेऊन बसायच्या. हात चालायचे आणि तोंडही. तुमच्या चहाची गोष्ट मी तिथेच ऐकली, एकदा नाही, किती तरी वेळा. प्रत्येक वेळी काही नवं निघायचं. कपावरची बशी तर कायमची. पावसात रॉकेल मिळेना तेव्हा तुम्ही चुलीवर केलात. एकदा भांडण होऊन दोन दिवस अबोला होता, तरी सकाळी कप जागेवर होता. हे ऐकून शेजारच्या चिमीबाई नवऱ्याला ओरडून सांगायच्या, "सुनते हो? बदलापूरवाला भी चाय बनाता है. और तुम सेठ बनके बैठो." तो बिचारा दुकानाचं शटर अर्धं ओढून आत जायचा.

मी ऐकलं ते सांगितलं. ऐकलेलं सांगणं हे खोटं बोलणं नव्हे. आणि दहाव्याला मेलेल्या माणसाला जे आवडायचं तेच ताटात वाढतात. बनूबाईंना ही गोष्ट आवडायची. तुम्ही काही न करता चांगले ठरलात, यात तुमचं नुकसान काय ते मला समजलं नाही.

आमच्या जनाला अर्धांगाच्या झटक्यापासून उजव्या अंगाने नीट चालता येत नाही, म्हणून नदीवर यायला मिळालं नाही. रोज रडते. आता तिने धरून ठेवलं आहे की रिक्षा करून बदलापूरला यायचं आणि भावजींच्या हातचा चहा प्यायचा. "ताई प्यायची तो," म्हणते. २९ तारखेचा रविवार ठरवते आहे.

आपला,
मधुकर

बदलापूर गाव
६ डिसेंबर २०२४

श्री. मधुकरराव यांस,

पत्र मिळालं. त्या रात्रीपासून छातीत जळजळ आहे. डॉक्टर पित्त म्हणतात. मला ठाऊक आहे कसली ती.

माझ्याकडे बनू बोलायची ती अशी: "पाणी आलं." "गॅस संपला." "विनीतचा फोन होता." मी काही विचारलं तर हो किंवा नाही. मला वाटायचं, बाई अबोल आहे. आता कळतं की ती बोलकी होती, फक्त तुमच्या ओट्यावर. चुलीचं सांगायची, अबोल्याचं सांगायची, बायका हसायच्या आणि तुम्ही ऐकायचात. त्यातलं एक वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही. माझ्या बायकोच्या गोष्टी मला दुसऱ्याकडून, तिच्या दहाव्याला, माईकवरून कळाव्या.

आणि मी बसून आणखी एक विचार केला. बायकोसाठी चहा करणारा पुरुष मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो तुम्ही. जनाबाईला झटका आला तेव्हा बनू तुमच्याकडे महिनाभर राहिली. मी तिला आणायला आलो, तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात कट्ट्यावर दोन कप होते आणि दोन्हींवर बशा झाकलेल्या. तेव्हा मी मनात म्हटलं, काय बायकी माणूस आहे. माफ करा, पण म्हटलं.

मग ती ओट्यावर कोणाची गोष्ट सांगत होती? नाव माझं, माणूस तुम्ही. तुम्ही ऐकत बसायचात म्हणजे तुम्हालाही कळत असणार. कळूनही गप्प बसलात. का गप्प बसलात, ते मला हवं आहे.

मी शहात्तर वर्षांचा झालो. या वयात हे लिहायची लाज वाटते. पण लिहिलं नाही तर झोप येत नाही, आणि लिहिल्यावरही येत नाही.

जनाबाईला जरूर आणा. तिला मी तोंडावर सांगणार आहे की मी कधी चहा केला नाही, तुझी बहीण थापा मारायची. मग तिलाही विचार करू दे की कोणाच्या चहाच्या थापा.

दौलत

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
१३ डिसेंबर २०२४

दौलतराव,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा हसू आलं, मग राग आला. पत्र जनाच्या हाती लागू नये म्हणून शिलाई मशीनच्या खणात ठेवलं आहे. आता खरं काय ते लिहितो. पुन्हा लिहिणार नाही.

चहा माझाच. तुमचं नाव आणि माझा चहा, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. बाकी सगळं चुकीचं.

जनाला दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी दोघी बहिणींना चहा दिला. जना प्यायली. बनूबाई कप हातात धरून बसल्या, प्यायल्याच नाहीत. चहा निवला, वर साय आली. मी विचारलं, "जमला नाही का?" तर म्हणाल्या, "तसं नाही. आपल्याला कोणी करून दिलेला चहा कसा दिसतो ते बघत होते."

त्याच दुपारी ओट्यावर चिमीबाई जनाला म्हणाल्या, "नसीबवाली हो बेन, मर्द चाय पिलाता है." जना काही बोलायच्या आत बनूबाई म्हणाल्या, "आमचे पण करतात की. रोज." मी आतून ऐकलं. बाहेर येऊन त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी मान खाली घालून एकच धागा तीनदा कापला. मी काय बोलणार? त्यांना बहिणीचा हेवा वाटला, एवढंच झालं. माझ्यात त्यांना काही नव्हतं. नवरा तुमचाच हवा होता, फक्त उठून चहा करणारा.

आता माझं ऐका. तुम्ही म्हणता तुमची छाती जळते. माझी किती वर्षं जळते आहे, ठाऊक आहे? त्या दिवसापासून जना मला काय म्हणते? "दौलतभावजी धडधाकट बायकोला चहा करून देतात. तुम्ही मला देता, कारण माझा हात चालत नाही. त्यात काय मोठं." मी रोज केलेला चहा तुमच्या न केलेल्या चहापुढे फिका. एक दिवस आलं जास्त पडलं तर म्हणाली, "भावजींना विचारून घ्या." तुम्हाला. चहाचं भांडं कुठे आहे ते माहीत नसलेल्या माणसाला विचारून घ्या.

मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर बहिणी-बहिणीत वाकडं आलं असतं. पण घाटावर माईक हातात आला, कावळा येत नव्हता, सगळे ऐकत होते. माझ्या मनात आलं, आता सांगावं. हा माणूस उभा राहील आणि सगळ्यांसमोर म्हणेल, मी नाही केला. एकदा त्याच्या तोंडून निघू दे. बनूबाईंसाठी बोललो असं मी तुम्हाला लिहिलं, ते अर्धंच खरं होतं. तुम्ही उभे राहिला नाहीत. वर कावळाही तुमच्या बाजूने उतरला.

माझी एक विनंती आहे, मोठेपणा घेऊन लिहीत नाही. जनाला सांगू नका. बहीण गेली, त्या बहिणीकडचं तिच्याजवळ एवढंच उरलं आहे. ते खोटं म्हणून कळलं तर ती बाकीचं सगळं उकरत बसेल. तुमचा राग माझ्यावर काढा.

मधुकर

बदलापूर गाव
१७ डिसेंबर २०२४

मधुकरराव,

पत्र गुरांच्या रिकाम्या गोठ्यात बसून वाचलं. दोनदा वाचलं.

ती कप हातात धरून बसली होती, हे तुम्ही मला तेव्हा का सांगितलं नाही? ती जिवंत असताना. एखादं पोस्टकार्ड टाकलं असतं. तुम्हाला बहिणी-बहिणींची काळजी होती म्हणता. मला वाटतं, मी असाच राहावा आणि तुम्ही एकटे चहावाले राहावेत, हेही तुमच्या मनात असणार. रागावू नका. तुमच्या जागी मी असतो तर माझ्या मनात असतं.

तुमच्यावरचा संशय मागे घेतो. पण बरं वाटलं नाही. तुमच्यावर जळणं सोपं होतं, तुम्ही उल्हासनगरला राहता. आता ज्याच्यावर जळतो तो माझ्याच घरात राहत होता, माझंच नाव लावून, आणि ती त्याच्या हातचा चहा रोज पीत होती. अबोला असतानाही पीत होती. मला तो कधी दिसला नाही.

जनाबाईला आणा. मी काय बोलेन ते आज सांगता येत नाही. खोटं बोलायला मला जमत नाही, आणि खरं बोललो तर बनू मेल्यावर खोटी ठरते. जिवंत असती तर तिने उत्तर तरी दिलं असतं.

दौलत

ता. क. दोन कपांना पाणी किती, दूध कधी, आणि आलं आधी की नंतर, ते कळवा. स्वप्नालीला विचारण्याची सोय नाही. चिडूनच विचारतो आहे, हे लक्षात ठेवा.

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
२१ डिसेंबर २०२४

दौलतराव,

पाणी दीड कप. उकळी आली की आलं ठेचून. मग पावडर दोन चमचे. रंग उतरला की दूध अर्धा कप, आणि गॅस बारीक, नाही तर उतू जाईल. चहा वर चढला की उतरवायचा. गाळून लगेच बशी झाकायची.

रविवारी सकाळी येतो.

मधुकर

बदलापूर गाव
२ जानेवारी २०२५

श्री. मधुकरराव यांस,
दौलतचा रामराम.

जनाबाईंना प्रवास सोसला असेल. रिक्षावाल्याने खड्डे चुकवले की नाही याची काळजी लागली होती. पायाला सूज आली असेल तर कळवा.

तुम्ही ओट्यावर विनीतशी बोलत बसला होतात. शिटी मारतं म्हणून यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. त्यामुळे आत काय झालं ते तुम्हाला कळलं नाही. जनाबाईंनी तुम्हाला सांगितलं नसणार, असा माझा अंदाज आहे. म्हणून मी सांगतो.

त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. स्वप्नालीने भांडं कट्ट्यावर काढून ठेवलं होतं आणि स्वतः मागच्या दाराने निघून गेली. पोरगी शहाणी आहे, मी समजत होतो त्याहून. तुमचं पत्र मी डब्याला टेकवून ठेवलं होतं, चष्मा लावून एकेक ओळ करत गेलो. दूध उतू गेलंच. गॅस विझला, पुन्हा पेटवला. जनाबाई सगळं बघत होत्या.

मी ठरवलं होतं की आधी खरं सांगायचं. "जनाबाई, एक सांगायचं आहे," म्हटलं.

"आधी कप द्या," त्या म्हणाल्या.

डाव्या हातात कप दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं. मग हसायला लागल्या. हसता हसता गालावरून पाणी.

म्हणाल्या, "तसाच. ताई म्हणायची अगदी तसाच. बिनसाखरेचा. ताई म्हणायची, इतकी वर्षं झाली तरी माणूस साखर विसरतो. दूध उतू घालवतो, गॅस विझवतो आणि साखर विसरतो. पण करतो. हे ती ओट्यावर नाही सांगायची हो, मला एकटीला सांगायची. बायका हसतील म्हणून."

मी माझ्या कपातला घोट घेऊन पाहिला, साखर नव्हतीच. बनूने माझा न केलेला चहा गोड म्हणून सांगितला नाही. मी केला असता तर जसा झाला असता, तसाच सांगितला. चाळीसच्या वर वर्षं तिने मला पाहिलं होतं, म्हणून तिला जमलं. तो दुसरा माणूस, ज्याच्यावर मी जळत होतो, त्यालाही साखर आठवत नव्हती. तो इतका काही परका नव्हता.

"काय सांगायचं होतं?" जनाबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "साखर देऊ का, एवढंच."

"नको," म्हणाल्या, "असाच प्यायचाय."

मी खरं सांगितलं नाही. खोटंही बोललो नाही, कारण त्या दिवसापुरता तरी चहा मी केला होता. याला काय म्हणतात ते बुवांना विचारायचं होतं, पण ते पुन्हा प्रवचनच करतील.

त्या गेल्यावर तुमचं पत्र परत वाचलं. पाणी आहे, आलं आहे, पावडर आहे, दूध आहे, बशीसुद्धा आहे. साखरेचा शब्द नाही. तुमच्यासारखा रोज चहा करणारा माणूस साखर लिहायला विसरत नाही, मधुकरराव. तुम्हाला माझा चहा फसलेला हवा होता. मला राग यायला हवा होता. पण तुम्ही साखर लिहिली असती तर मी घातली असती, आणि जनाबाईंनी पहिल्या घोटालाच बनूला खोटं ठरवलं असतं. तेव्हा हा हिशेब मी सोडून देतो. विनीतला कळलं तर तो म्हणेल, लिहिताना बनूनेच तुमचा हात धरला. मी म्हणतो, तुम्ही जळकुटे आहात, आणि देव तुमचं भलं करो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा केला. स्वप्नालीला दिला. ती म्हणाली, "आबा, भांडं सापडलं वाटतं." साखर घातली होती. जास्त झाली होती.

आता शेवटचं. तुम्ही रिक्षा बोलवायला नाक्यावर गेलात, विनीत तुमच्याबरोबर होता, स्वप्नाली मागे दोरीवरचे कपडे काढत होती. मी आणि जनाबाई दोघंच होतो. त्या बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "भावजी, तुमचा चहा ताईला लखलाभ. मला यांच्याच हातचा लागतो. दवाखान्यातून आल्यावर मला जगायचं नव्हतं. सकाळी बशी उचलली की वाफ यायची, तेवढ्यासाठी मी उठून बसायचे. पण हे त्यांना सांगू नका. सांगितलं की चढतील."

मी शब्द दिला नव्हता, म्हणून लिहिलं.

हे ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. जनाबाईंना विचाराल तर त्या नाहीच म्हणतील. त्या असं खरंच बोलल्या, की तुम्ही माझ्या घरी येऊन चहाबद्दल गप्प राहिलात म्हणून मी तुमच्या ताटात काही वाढलं, हे तुम्हाला कधी कळणार नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा. त्या दिवशी नदीवर, माईक तुमच्या हातात असताना, मीही असाच, हे आलं कुठून ते न कळता बसलो होतो.

आपला साडू,
दौलत